खलनायक नसलेलं नाटक

कॉलेजात त्यांना सगळे पॉजसर म्हणत. नाव मुलांनी ठेवलेलं, पण इतकं चिकटलं की एका वर्षी क्लार्कने वेळापत्रकातही तेच छापलं आणि दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. आधुनिक इंग्रजी नाटक शिकवता शिकवता सर वाक्याच्या मधोमध थांबायचे. खिडकीबाहेर बघत राहायचे. वहीत डोकं खुपसून बसलेली मुलं एकेक करून माना वर काढायची, बाक करकरायचे, कुणीतरी उगाच खाकरायचं. मग सर वळून म्हणायचे, "आत्ता अस्वस्थ वाटलं ना? काहीतरी होणार असं? कुणी कुणाला मारलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. तरी वाटलं. या नाटकांतला संघर्ष तो हाच."

गेली कित्येक वर्षं ते हेच शिकवत होते, आणि छान शिकवत होते. जुन्या नाटकात राजा राजाशी लढतो, नाहीतर माणूस नशिबाशी, आणि शेवटी रंगमंचावर प्रेतं पडतात. पुढे ही लढाई दिवाणखान्यात येते. नवरा-बायको चहा पीत बोलतात आणि पेला खाली ठेवेपर्यंत संसार मोडलेला असतो. त्याही पुढे तर दोन माणसं नुसती टोस्टबद्दल बोलतात, आणि आपल्या अंगावर काटा येतो. तासाच्या शेवटी सर नेहमी सांगत, "एक लक्षात ठेवा. या नाटकांत खलनायक नसतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून तर ते सुटत नाही."

त्या दिवशीही त्यांनी तास असाच संपवला. मुलं बाहेर पडली तेव्हा दाराशी छोट्या मॅडम उभ्या होत्या.

छोट्या मॅडम म्हणजे विभागातल्या सगळ्यांत धाकट्या प्राध्यापक. सात वर्षं हंगामी. दर जूनमध्ये नवीन अर्ज, नवीन मुलाखत, तीच नोकरी. सरांच्याच मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंध लिहिला होता, आधुनिक इंग्रजी नाटकातल्या संघर्षाच्या स्वरूपावर. तो विभागप्रमुखांच्या टेबलावर दीड वर्ष पडून होता. 'काही सुधारणा सुचवायच्या आहेत' असं प्रमुख म्हणाले होते, आणि त्या काही अजून सुचल्या नव्हत्या.

"सर, हे बघितलंत?" छोट्या मॅडमनी एक पुस्तक पुढे केलं. नवंकोरं, डिंकाचा वास येणारं. मुखपृष्ठावर प्रमुखांचं नाव.

"आलं वाटतं बाहेर. अरे वा."

"पाचवं प्रकरण बघा. पान एकशे बारा."

सरांनी उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचलं. वाक्यं ओळखीची होती. नुसती ओळखीची नव्हती, छोट्या मॅडमचीच होती. त्यांची ती लांबलचक, तीन-तीन 'परंतु' असलेली वाक्यं सरांनीच कापून सरळ केली होती. आणि पानाच्या मध्यावर एक वाक्य होतं: 'रंगमंचावर जे दोघं भांडतात त्यांचं भांडण खोटं असतं, खरं भांडण ज्याच्याशी आहे, तो माणूस त्या खोलीत नसतो.'

हे वाक्य छोट्या मॅडमचंही नव्हतं. सरांनी ते त्यांच्या कच्च्या मसुद्याच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं आणि त्यांनी विचारून ते प्रबंधात घेतलं होतं.

"पूर्ण प्रकरण आहे, सर. उदाहरणंसुद्धा बदलली नाहीत." छोट्या मॅडमचा आवाज अगदी सपाट होता. "मी आता प्रबंध सादर केला की विद्यापीठाचं मशीन सांगणार, चाळीस टक्के चोरी. माझी. त्यांचं पुस्तक आधी छापलंय ना."

सरांनी पान उलटून पुढचं वाचलं.

"मी प्राचार्यांकडे तक्रार दिलीये. उद्याच चौकशी समिती बसणार आहे. माझ्या कॉम्प्युटरवरच्या फाइलींना ते पुरावा मानत नाहीत, म्हणे तारखा बदलता येतात. पण तुमच्याकडे कागद आहेत. तुमच्या अक्षरातल्या दुरुस्त्या, खाली तुमची सही आणि तारीख. तुम्ही प्रत्येक पानावर घालता."

"आहेत," सर म्हणाले. "कपाटात असतील."

"मग बास झालं," छोट्या मॅडम म्हणाल्या आणि त्या महिन्यात बहुधा पहिल्यांदाच हसल्या.

घरी सरांनी कपाट उघडलं. मसुदा वरच्याच खणात होता, नाडीने बांधलेला, दोनशे चौऱ्याण्णव पानं. बायको दारातून बघत होती. ती निवृत्त नर्स. तीस वर्षं वॉर्डात काढल्यामुळे तिला गोल गोल बोलणं जमत नसे.

"द्या की नेऊन उद्या," सगळं ऐकून ती म्हणाली. "यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"तुला माहितीये काय आहे ते."

तिला माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी सर वर्गात उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. पाच महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. तेव्हा प्रमुख नुसतेच सहकारी होते, दोस्त होते. स्वतःचे तास सांभाळून त्यांनी सरांचे सगळे तास घेतले, रजा संपल्यावर हजेरीपटावर सरांच्या सह्या ठोकल्या आणि कॉलेजभर सांगून टाकलं, कावीळ झालीये. ती कावीळ इतकी पक्की बसली की ग्रंथपाल आजही सरांना तळकट खाऊ नका म्हणून बजावायचा. सर परत आले तेव्हा बोलता बोलता मध्येच शब्द अडायचा. हळूहळू त्यांनी त्या अडण्यालाच शिकवण्याची रीत करून टाकलं. मुलांना वाटायचं, सर मुद्दाम थांबतात. खरं काय ते या घरात दोघांना आणि बाहेर एकाला ठाऊक होतं.

"तो नसता तर माझी नोकरी गेली असती," सर म्हणाले. "मीच गेलो असतो कदाचित."

"खरंय. मी नाही कुठे म्हणते? त्याचे उपकार तुमच्यावर आहेत. तिच्यावर नाहीत ना?"

सरांनी नाडी पुन्हा बांधली, मसुदा बॅगेत ठेवला आणि "देतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुखांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "बस. दार लोटून घे." चहा आला. चहावाला बाहेर जाईपर्यंत प्रमुख पंख्याचा वेग कमी-जास्त करत राहिले.

"वाचलंस पुस्तक?"

"थोडं."

"पाचवं प्रकरण?"

सर कपातल्या सायीकडे बघत राहिले.

"मला कळतंय तुझ्या डोक्यात काय आहे. अरे, आपण दोघं इतकी वर्षं एकाच टेबलावर बसून बडबडतोय. कुणाच्या तोंडून काय निघालं आणि कुणाच्या वहीत गेलं, हे कुणी सांगावं?"

"तिनं लिहून काढलंय ते. पानंच्या पानं."

"तिनं!" प्रमुख हसले. "ती तुझी भाषा लिहिते. तू अर्धी माझी बोलतोस. ती पोर हुशार आहे, नाही म्हणत नाही मी. पण तिच्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय. दुसरा विषय घेईल. मला जूनमध्ये घरी बसायचंय. पस्तीस वर्षं झाली आणि नावावर एक पुस्तक नव्हतं, कळतंय का तुला?" त्यांचा आवाज जरा कापला आणि सरांना ते खरं वाटलं. मग प्रमुख पुढे झुकले. "त्या पाच महिन्यांत मी तुझ्या टिपणांवरूनच तुझे वर्ग घेतले. तेव्हा तू म्हणालास का, की ही टिपणं माझी आहेत?"

"नाही."

"आणि मी कावीळ म्हणालो. आजपर्यंत कावीळच म्हणत आलोय." त्यांनी कप बशीत ठेवला. "मला काही खोटं बोलायला लावायचं नाहीये तुला. आठवत नाही एवढं म्हण. या वयात कुणाला काय आठवतं? आणि हो, माझ्यानंतर या खुर्चीसाठी मी तुझंच नाव दिलंय. ते मी तसंही देणार होतो."

सर बाहेर आले. जिना उतरताना त्यांच्या मनात आलं, तोही त्याच्या जागी अगदीच चुकीचा नाही. आणि तसं वाटताच छातीवरचं ओझं एकदम हलकं झालं. ते हलकं होणं त्यांच्या ध्यानात आलं. त्याची त्यांना लाजही वाटली. पण पाय खाली उतरतच राहिले.

चौकशी दुपारी तीनला होती, प्राचार्यांच्या खोलीशेजारच्या सभागृहात. मध्ये प्राचार्य, त्यांच्या दोन्ही बाजूंना बाहेरच्या कॉलेजांतले दोन प्राध्यापक. एका भिंतीशी प्रमुख, समोरच्या भिंतीशी छोट्या मॅडम. सरांची खुर्ची बरोबर मध्ये ठेवली होती. बॅग त्यांनी पायाशी ठेवली. मसुद्याने ती इतकी फुगली होती की चेन पुरती लागत नव्हती.

प्राचार्यांनी सरळ विचारलं, "सर, हे पाचवं प्रकरण यांनी लिहिलेलं तुम्ही पुस्तक निघण्याआधी वाचलं होतं का?"

सर थांबले. ही त्यांची वर्गातली थांबायची वेळ नव्हती. खरोखरच शब्द येईना. खोलीतले सगळे वाट बघत राहिले.

"त्या काळात विभागात बऱ्याच चर्चा होत," ते शेवटी म्हणाले. "कल्पना एकमेकांकडून येतात. अमुक एक कुणाची, असं बोट ठेवून सांगणं अवघड आहे."

"कल्पना नाही, सर, मजकूर," छोट्या मॅडम म्हणाल्या. "शब्दन् शब्द."

"तुमच्याकडे जुना मसुदा वगैरे काही आहे का?" बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं.

"शोधावा लागेल. घर बदललं मध्ये." घर बदलून अकरा वर्षं झाली होती.

छोट्या मॅडमची नजर बॅगेवर गेली. अर्धवट मिटलेल्या चेनमधून नाडीचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी ते बघितलं, आणि त्यांनी बघितल्याचं सरांनी बघितलं. बॅग उघडा असं त्यांना म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. सर स्वतः उघडतात का, याची बहुधा त्या अजूनही वाट बघत होत्या.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "एकशे बारा पानावरचं ते वाक्य, खरं भांडण ज्याच्याशी आहे तो माणूस त्या खोलीत नसतो. ते कुणाचं आहे, सर?"

"आठवत नाही."

समोर प्रमुखांनी मान खाली घातली. आपलं उभ्या आयुष्यातलं एकमेव धड वाक्य आपण आत्ता देऊन टाकलं, हे सरांना कळलं.

समितीने वीस मिनिटांत कामकाज आटोपलं. पुराव्याअभावी तक्रार निकाली. वर ज्येष्ठ सहकाऱ्यावर बेछूट आरोप केल्याबद्दल नापसंतीचा एक शेरा. सर व्हरांड्यात आले तेव्हा छोट्या मॅडम पाण्याच्या टाकीजवळ पेला धुवत होत्या. त्यांना चुकवून जायला वाट नव्हती.

"हे बघ," सर म्हणाले, "हे तुला आत्ता नाही पटायचं. पण तोही एका परीने... म्हणजे त्याची बाजू समजून घेतली तर... आपण शिकवतो ना, यात खलनायक असा कुणी नसतो."

"नाटकात नसतो, सर." छोट्या मॅडमनी पेला पालथा घातला. "कारण नाटककाराला दोघांनाही सांभाळायचं असतं. तुम्ही काही नाटककार नव्हता तिथे. साक्षीदार होतात."

त्या संध्याकाळी बायकोने चष्म्याचं घर ठेवायला सरांची बॅग उघडली. मसुदा जिथल्या तिथे.

"दिलं म्हणालात ना मघाशी?"

"त्यांनी मागितलंच नाही."

तिने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. औषध घेतलं म्हणून सांगून गोळी उशीखाली लपवणारे पेशंट तिने हजारो बघितले होते. सकाळी सर अंघोळीला गेले तेव्हा तिने मसुदा पिशवीत घातला आणि पत्ता विचारत विचारत छोट्या मॅडमच्या घरी स्वतः नेऊन दिला.

छोट्या मॅडमचं कंत्राट त्या वर्षी पुढे वाढलं नाही. कारण लेखी दिलं नव्हतं, द्यावं लागतही नव्हतं. पण मसुदा हातात आल्यावर त्यांनी विद्यापीठाकडे अपील केलं. तिकडून कळवलं, समासातल्या दुरुस्त्या आणि तारखा मार्गदर्शकाच्याच आहेत असं त्यांचं सही केलेलं पत्र जोडा. मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच. छोट्या मॅडमनी सरांना फोन केला नाही. पत्राचा नमुना टाइप करून बायकोकडे पाठवला. चार ओळी होत्या. खाली सहीला जागा.

"करतो," सर म्हणाले. तो सोमवार होता.

मंगळवारी त्यांनी नमुना वाचला आणि त्यांना तो फार ठाम वाटला. 'माझ्या आहेत'च्या जागी 'माझ्या असाव्यात' हे जास्त बरोबर ठरेल, असं वाटलं. त्यांनी नवीन कागदावर लिहिलं. मग 'माझ्या आठवणीनुसार' घातलं. मग पहिल्या ओळीत 'कोणावरही आरोप करण्याचा हेतू नसून' असं आलं. बुधवारी विभागप्रमुखपदाचं नेमणूकपत्र हातात पडलं आणि त्याच दुपारी अभ्यासमंडळाने प्रमुखांचं पुस्तक शेवटच्या वर्षाला लावल्याचंही कळलं. लोक हात मिळवायला आले. ग्रंथपालाने पेढ्यांचा आग्रह करून वर म्हटलं, "एक चालेल, तुपातला आहे, काविळीला काही होत नाही." गुरुवारी पत्र चौदा ओळींचं झालं होतं आणि त्यातून कुणी काय केलं याचा पत्ताच लागत नव्हता.

बायकोने रोज सकाळी मूळ नमुना त्यांच्या टेबलावर पेनासकट ठेवला. तोंडाने एकदाही विचारलं नाही. शुक्रवारी पाच वाजले, साडेपाच वाजले. तिने कागद उचलला नाही. तिथेच राहू दिला.

शनिवारी सकाळी सर उठले, टेबलाशी गेले, नमुन्यातल्या चार ओळींखाली सही केली आणि काय मनात आलं कोण जाणे, तारीख शुक्रवारची टाकली. कपडे करून बाहेर पडले. छोट्या मॅडम आता एका क्लासमध्ये शिकवत होत्या. झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. सर दोन जिने चढले तेव्हा त्यांना धाप लागली होती. काचेच्या दारातून आतलं दिसत होतं: नोकरीच्या परीक्षांना बसणारी साठ-सत्तर मुलं, फळ्यावर रिकाम्या जागा भरण्याची वाक्यं, आणि हातात मार्कर घेतलेल्या छोट्या मॅडम. त्यांचं लक्ष गेलं. मुलांना काहीतरी सांगून त्या बाहेर आल्या.

"आणलंय," सर म्हणाले.

त्यांनी कागद वाचला. चार ओळींना वेळ तो काय लागणार?

"मुदत काल संपली, सर."

"हो, म्हणून तारीख कालची घातलीये. पोस्टाने उशीर झाला म्हणता येईल. मी बोलतो हवं तर कुणाशी तरी. आता प्रमुख म्हणून माझ्या शब्दाला जरा..." ते अडकले.

छोट्या मॅडम वाट बघत थांबल्या नाहीत. "काल पाच वाजता मी तिथे खिडकीशी उभी होते. रिकाम्या हाताने. तिथल्या माणसाने रजिस्टर माझ्यासमोर बंद केलं. आज हे घेऊन गेले तर मला सांगावं लागेल की हे कालचं आहे." त्यांनी कागदाची घडी घातली, पहिली होती तशीच, आणि परत केला. "तारखा बदलता येतात म्हणून माझ्या फाइली नाकारल्या, तेच मी आता करू म्हणता? घरी मॅडमना सांगा, मसुद्याबद्दल थँक्यू. त्या स्वतः आल्या, पाणीसुद्धा न घेता गेल्या."

"अगं, मला सांगायचं होतं की..."

"माझा क्लास चालू आहे, सर."

दार बंद झालं. आतून त्यांचा आवाज येऊ लागला, स्पष्ट, घाईचा. कर्ता, कर्म, क्रियापद. मुलं एका सुरात उत्तरं देत होती. सर जिन्याच्या तोंडाशी जरा वेळ उभे राहिले. त्यांना वाटत होतं, ती पुन्हा बाहेर येईल, निदान दोन शिव्या हासडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. मग आपली बाजू सांगता आली असती. खालून झेरॉक्सवाला ओरडला, "काका, जिना अडवू नका." ते बाजूला झाले आणि भिंतीला धरून खाली आले.

घरी पोचायला दीड वाजला. बायको पेपर वाचत बसली होती.

"भेटली?"

"हो."

"काय म्हणाली?"

"क्लास होता तिचा."

तिने पान उलटलं. पुढे काही विचारेल म्हणून सर दारातच उभे राहिले. तिने विचारलं नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. कितीही उशीर झाला तरी ती त्यांच्याशिवाय ताटावर बसत नसे.

"मी जेवून घेतलं," ती पेपरातून मान वर न काढता म्हणाली. "तुमचं झाकून ठेवलंय."